चित्रं जपानची, ठेका आपला

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. मोगली आपल्या मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलातला, पण चित्रं जपानची. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या कंपनीनं १९८९ मध्ये ही मालिका काढली होती. हिंदीत आणताना शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाज यांनी दिली आणि शेरखानच्या तोंडी नाना पाटेकरांचा आवाज आला. जपानी चित्रांवर देशी गाणं असं बेमालूम बसलं, की आज चाळिशीत असलेल्यांना मूळ जपानी गाण्याची कधी चौकशीही करावीशी वाटली नाही.

तेव्हा टीव्हीवाल्यांनी रीतसर हक्क घेऊन जे केलं, तेच आज भोपाळमधला एखादा विद्यार्थी हॉस्टेलच्या खोलीत हौसेनं करू शकतो. एखाद्या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतली दृश्यं निवडायची, मूळ आवाज काढून टाकायचा आणि आपल्या आवडीच्या गाण्यावर ती नव्यानं गुंफायची. याला म्हणतात अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ. या नादातली मंडळी नुसतं ‘एएमव्ही’ म्हणतात.

हा नाद मोबाइलच्या जमान्यातला नाही. १९८२ च्या सुमारास जिम कापोस्टास या अमेरिकी तरुणानं दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले, ‘स्टार ब्लेझर्स’ या अंतराळयुद्धाच्या मालिकेतली मारधाडीची दृश्यं उचलली आणि प्रेमाची महती सांगणाऱ्या बीटल्सच्या गाण्यावर लावली. पहिला एएमव्ही म्हणून सहसा त्याचंच नाव घेतात. त्यातली गंमत विसंगतीची होती, आणि ती युक्ती आजही चालते. पुढच्याच वर्षी ओसाकात विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या संमेलनासाठी काही विद्यार्थ्यांनी स्वतः चित्रं काढून एक छोटी फिल्म केली, ‘दाइकॉन ४’. खाली गाणं इंग्लंडच्या इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राचं, तेही परवानगीविना. त्या मुलांत हिदेआकी आन्नो होता. १९९५ मध्ये ‘इव्हँजेलियन’ ही अ‍ॅनिमे मालिका करणारा तो हाच.

आता हे करतात कसं ते पाहू. अ‍ॅनिमे साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेमनं चालतं. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे १२ फ्रेमचा. लय ९० ची असेल तर १६ फ्रेमचा. दृश्य बदलायचं ते या हिशेबानं. दोन-तीन फ्रेम इकडंतिकडं झाल्या तर पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. कथकमध्ये तिहाई समेच्या जरा आधी संपली तर जसं होतं, तसंच. म्हणून जाणकार आधी गाणं पुन्हा पुन्हा ऐकतात, ठोक्यांवर मार्कर टाकतात आणि मगच चित्रांकडं वळतात.

पण प्रत्येक ठोक्यावर कात्री चालवणं हा नवशिक्याचा रोग. तलवारीचा वार, दार आपटणं, पापणी मिटणं ही दृश्याच्या आतली हालचालच ठोक्यावर आली की कट लागतच नाही. हे साधायला मालिका नीट पाहिलेली असावी लागते. कोणत्या भागात कोण कधी मागं वळून पाहतं, हे डोक्यात पक्कं हवं. बोलणाऱ्या पात्रांचे हलणारे ओठ टाळायचे, कारण आवाज तर आपण काढून टाकलेला असतो. सबटायटल छापलेली फीत घ्यायची नाही. माझ्या मते या कलेचा बारा आणे भाग निवडीत आहे, इफेक्ट उरलेले चार आणे. सध्याच्या १५ सेकंदांच्या ‘एडिट’मध्ये हे प्रमाण उलटं झालंय. स्क्रीन थरथरते, रंग भडकतात आणि पात्राचं काय झालं ते कळतच नाही.

साधनांना फार पैसे लागत नाहीत. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरेशी आहे, फक्त संगणक जरा दमदार हवा. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच करा. टाइमलाइनचा फ्रेमरेट मूळ चित्राशी जुळवून घ्या, कारण एकदा फीत आत आणली की या सॉफ्टवेअरमध्ये तो बदलता येत नाही. २४ चं चित्र ३० वर बसवलं तर दर चार फ्रेममागं एक फ्रेम दोनदा दिसते आणि संथ दृश्यं अडखळतात.

राहिला हक्कांचा प्रश्न. चित्रं एकाची, गाणं दुसऱ्याचं. २००५ मध्ये ‘विंड-अप’ या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीनं आपल्या कलाकारांच्या गाण्यांवरचे एएमव्ही काढून टाकायला लावले, त्यात इव्हॅनेसन्स या बँडची चलती असलेली गाणी होती. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापराला, समीक्षेला सूट देतं. जगजाहीर केलेला व्हिडिओ त्यात आपोआप बसत नाही. यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते, मग हक्कदार व्हिडिओ अडवू शकतो किंवा जाहिरातीचे पैसे स्वतःकडं वळवू शकतो. त्यामुळं यातून कमाईची आशा धरू नका, आणि मूळ मालिकेचं व गायकाचं नाव ठळक द्या. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, पण तेवढा सभ्यपणा हवाच.

या सुटीत घरातलं कोणी हे करून पाहणार असेल तर अख्ख्या गाण्याच्या नादी लागू देऊ नका. एक मुखडा आणि एक कडवं घ्या, एकच मालिका घ्या. झालं की आईबाबांनी मुकाट्यानं लाइक देण्याऐवजी सोबत बसावं आणि विचारावं, हा कट इथंच का केलास?