तुरुंगाची किल्ली कोणाकडे?

परक्या हुकूमशाही सरकारने पत्रकाराला डांबले, तर त्याला सोडवायचे कोणी आणि कसे? याचे उत्तर आपल्या गोव्याच्या इतिहासातच सापडते.

मुंबईहून ‘रेसुर्जे गोवा’ हे पत्र काढणारे तेलो मास्कारेन्हस आणि आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे या दोघांना सालाझार सरकारने पोर्तुगालच्या तुरुंगात नेऊन ठेवले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. हे दोघे मात्र आतच राहिले. भारताच्या ताब्यात तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक होते. १९६२ च्या मे महिन्यापर्यंत तेही मायदेशी गेले आणि भारताच्या हातातले मोठे वजन संपले.

अडचण दुहेरी होती. उभय देशांचे राजनैतिक संबंध १९५५ पासून तुटलेले. निरोप धाडायचा तोही तिसऱ्या देशामार्फत. शिवाय लिस्बन गोव्याला आपलाच प्रांत मानी. त्यामुळे गोव्यातला ‘अपराध’ हा त्याच्या लेखी घरचा मामला!

अशा वेळी समोरच्याला सहज डावलता येणार नाही असा मध्यस्थ लागतो. सुधीर फडके यांनी समितीच्या द्वारे लोकमत जागे ठेवले. १९६८ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्यापाशी रानड्यांसाठी शब्द टाकला. त्याच वर्षी सालाझारही पायउतार झाले. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. मास्कारेन्हस १९७० मध्ये.

तात्पर्य, वकिलातीचे दार बंद असले तरी वाटाघाटीचे बंद नसते. मात्र ते ठोठावणारे कोणी बाहेर हवे, आणि कैद्याचे नाव लोकांच्या विस्मरणात जाता कामा नये.