टॉप-अप : भरतंय ते भांडं कुणाचं?

पावसाळा लागला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या, मासळीची विक्री थांबली, आणि नेमका तेव्हाच आमच्या गटातल्या एका ताईला फोन आला. "तुमचे हप्ते वेळेवर आहेत, तुम्हाला ४०,००० रुपयांचं टॉप-अप मिळेल." फोन ठेवून ती म्हणाली, "टॉप-अप म्हणजे मोबाईलात मारतत तोच मां गो?"

शब्द तोच आहे. पण अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

चवथीत गणपतीपुढची समई आपण विझू देत नाही. तेल अर्ध्यावर आलं की वरून आणखी घालतो. इंग्रजीत याला म्हणतात 'टॉप अप'. टॉप म्हणजे वरचा भाग, अप म्हणजे वर. दोन्ही मिळून एकच क्रियापद होतं : जे आधीच थोडं आहे, त्यात भर घालणं. रिकामी कळशी विहिरीवर नेऊन भरली, तर ते 'फिल अप'. अर्धी असताना वरून भरली, तर 'टॉप अप'.

बोलताना एक लक्षात ठेवूया. 'टॉप अप द लॅम्प' चालतं, 'टॉप द लॅम्प अप' हेही चालतं. पण 'इट' म्हणजे 'ते' वापरलं, की ते मध्येच येतं : 'टॉप इट अप'. 'टॉप अप इट' म्हणत नाहीत.

आता प्रश्न एवढाच, की भांडं कुठलं? मोबाईलच्या टॉप-अपमध्ये आपली शिल्लक वाढते. आरोग्य विम्याच्या टॉप-अपमध्ये ठरलेल्या रकमेच्या वर गेलेल्या खर्चासाठी जादा संरक्षण मिळतं. पण कर्जाच्या टॉप-अपमध्ये भरतं ते कर्जाचं भांडं. समजा, १,००,००० रुपये घेतले आणि त्यातलं ४०,००० मुद्दल फेडलं. देणं राहिलं ६०,०००. त्यावर ४०,००० चं टॉप-अप घेतलं, की देणं पुन्हा १,००,०००! हातात पैसे येतात हे खरं, पण ते फेडायचे असतात, व्याजासकट.

टॉप-अप वाईटच असं नाही. नड असते, धंद्याला भांडवल लागतं. फक्त हो म्हणण्याआधी विचारायचं : व्याजदर किती? नवा हप्ता किती, आणि किती महिने? जुनं कर्ज यात मिसळणार, की दोन हप्ते वेगळे चालणार? प्रक्रिया शुल्क आणि विम्याचे पैसे कापून हातात नेमके किती येणार?

हे सगळं तोंडी ऐकून सोडायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांसोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात वर्षाचा एकूण खर्च आणि सगळी शुल्कं लिहिलेली असतात, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. जुन्या ग्राहकाला नवं कर्ज दिलं तरी हाच नियम. तेव्हा कागद मराठीत मागायला लाजू नका.

आमच्या ताईने तो मागितला. गटाच्या बैठकीत आम्ही मोठ्याने वाचला, हप्त्यांची बेरीज केली. तिने ४०,००० ऐवजी १०,००० च घेतले, मुलीच्या कॉलेजच्या फीपुरते. म्हणाली, "समयेत तेल वात बघूनच घालूचा."