पुसलेल्या चित्रफितीचा शोध

इंदूरमधील एका मराठी कुटुंबातला प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. घरातील वृद्ध आजींना लहानपणी जात्यावर शिकलेल्या ओव्या तोंडपाठ होत्या. एका दुपारी नातसुनेने त्या ओव्या स्मार्टफोनवर टिपून घेतल्या. चार मिनिटांची ती चित्रफीत होती. थरथरता आवाज, मांडीवर निजलेला पणतू आणि विसरलेला शब्द आठवताच हसू उमटलेला चेहरा, एवढेच तिच्यात होते. काही महिन्यांनी आजी गेल्या. पुढे एके दिवशी फोनच्या पडद्यावर जागा संपल्याची सूचना आली. नातसून घाईघाईने जुन्या चित्रफिती निवडून पुसत गेली आणि त्यांत ओव्यांची चित्रफीतही पुसली गेली. चूक ध्यानात आली तेव्हा तिचे हातपाय गळाले.

असे प्रसंग आज अनेक घरांत घडतात. पुसलेली चित्रफीत परत मिळते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. चित्रफीत कोठे साठवली होती, ती पुसून किती काळ लोटला आणि त्यानंतर फोनचा वापर कसा झाला, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते. हे समजण्यासाठी फोनमध्ये ‘पुसणे’ म्हणजे नेमके काय घडते, हे आधी पाहिले पाहिजे.

पुसणे म्हणजे काय?

स्मार्टफोनमधील छायाचित्रे आणि चित्रफिती ‘फ्लॅश मेमरी’ नावाच्या स्मृतीत साठवल्या जातात. जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी तोशिबा या कंपनीत काम करीत असताना १९८०च्या दशकात ही स्मृती विकसित केली. वीज बंद झाली तरी तिच्यातील माहिती टिकून राहते.

या स्मृतीची तुलना एखाद्या ग्रंथालयाशी करता येईल. ग्रंथालयात कोणते पुस्तक कोणत्या फडताळात आहे, याची नोंदवही असते. फोनमध्येही प्रत्येक चित्रफीत स्मृतीच्या कोणत्या भागांत ठेवली आहे, याची नोंद असते. चित्रफीत पुसण्याची आज्ञा मिळताच बहुधा ही नोंद खोडली जाते आणि ती जागा ‘मोकळी’ समजली जाते. पुस्तक मात्र काही काळ फडताळातच राहते. पुढे त्या जागी दुसरे पुस्तक ठेवले गेले की पहिले कायमचे नाहीसे होते. म्हणूनच चूक लक्षात येताच फोनवर नवे चित्रण करणे, नवी ॲप घेणे किंवा मोठ्या फाइली उतरवून घेणे ताबडतोब थांबवावे. प्रत्येक नवी फाइल जुन्या फाइलीच्या जागेवर लिहिली जाण्याची शक्यता असते.

पहिला आधार: फोनमधील कचरापेटी

माणसाच्या हातून चुका होतात, हे ओळखून फोन बनवणाऱ्यांनी एक सोय केली आहे. पुसलेली चित्रफीत लगेच नष्ट न करता काही दिवस वेगळ्या कप्प्यात ठेवली जाते. हा कप्पा ‘ट्रॅश’, ‘बिन’, ‘रिसायकल बिन’ अशा नावांनी ओळखला जातो. आयफोनमध्ये २०१४ पासून तो ‘रीसेंटली डिलिटेड’ या नावाने आढळतो. आयफोनमध्ये तसेच अनेक अँड्रॉइड फोनांच्या गॅलरीत पुसलेली चित्रफीत साधारण ३० दिवस राहते. गूगल फोटोज वापरणाऱ्यांच्या ज्या चित्रफितींची प्रत इंटरनेटवरील साठ्यात गेलेली असते, त्या कचरापेटीत ६० दिवस राहतात. मुदत संपली की त्या आपोआप कायमच्या जातात.

म्हणून शोधाची सुरुवात येथूनच करावी. गॅलरी उघडून हा कप्पा शोधावा, चित्रफीत निवडावी आणि ‘रिस्टोअर’ किंवा ‘रिकव्हर’ हे शब्द असलेले बटण दाबावे. चित्रफीत मूळ जागी परत येते. फोनमध्ये गॅलरी, गूगल फोटोज आणि फाइल व्यवस्थापक अशी निरनिराळी ॲप असतील, तर प्रत्येकाची कचरापेटी स्वतंत्रपणे पाहावी. एकीत नसलेली वस्तू दुसरीत सापडू शकते.

इंदूरच्या नातसुनेला मात्र ही वाट बंद झाली होती. चित्रफिती पुसूनही फोनमध्ये जागा झाली नाही, कारण त्या कचरापेटीत होत्या आणि तेथेही जागा व्यापत होत्या. हे कारण उमगताच तिने कचरापेटीही रिकामी केली होती. अनेकांची चूक याच पायरीवर होते. कचरापेटी रिकामी करण्यापूर्वी तिच्यात काय आहे, ते एकवार डोळ्यांखालून घालणे आवश्यक आहे.

इंटरनेटवरील साठा

पुष्कळ फोनांत छायाचित्रांची आणि चित्रफितींची प्रत आपोआप इंटरनेटवरील साठ्यात पाठवण्याची सोय असते. ही सोय सुरू होती का, हे नंतर तपासावे. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. फोन आणि इंटरनेटवरील साठा एकमेकांशी जोडलेले असतील, तर एका ठिकाणी पुसलेली चित्रफीत दुसऱ्या ठिकाणाहूनही जाते. केवळ फोनमधील जागा मोकळी करायची असेल, तर गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. त्यामुळे फोनमधील प्रत जाते, पण साठ्यातील प्रत राहते. दोन बटणांतील हा फरक माहीत नसल्यामुळे अनेकांच्या आठवणी हरवतात.

मेमरी कार्ड असल्यास

काही फोनांत वेगळे मेमरी कार्ड बसवता येते. चित्रफीत त्या कार्डावर असेल, तर आशेला बरीच जागा असते. अशा वेळी फोन बंद करून कार्ड काढून घ्यावे. ते कार्ड-वाचकाच्या साहाय्याने संगणकाला जोडावे. कार्ड ‘फॉरमॅट’ करण्याची सूचना पडद्यावर आली तरी ती स्वीकारू नये. त्यानंतर पुसलेल्या फाइली शोधणारी संगणकप्रणाली वापरावी. फोटोरेक ही अशीच एक विनामूल्य प्रणाली आहे. ती खोडलेल्या नोंदीवर विसंबून राहत नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या आरंभी ठरावीक खूण असते. त्या खुणेवरून ती संपूर्ण कार्ड चाळून फाइली ओळखते. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर उतरवाव्यात, अन्यथा जे वाचवायचे त्याच्यावरच नवे लिहिले जाते.

छायाचित्रापेक्षा चित्रफीत मिळवणे कठीण असते. चित्रफीत आकाराने मोठी असल्याने तिचे तुकडे कार्डाच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेले असू शकतात. शिवाय चित्रांचा क्रम आणि ध्वनीचा मेळ सांगणारी माहिती फाइलीच्या एका स्वतंत्र भागात असते. चित्रण संपल्यावर ती बहुधा शेवटी लिहिली जाते. हा भाग सापडला नाही, तर बाकीची फाइल मिळूनही चित्रफीत चालत नाही.

फोनच्या अंतर्गत स्मृतीतून परत का मिळत नाही?

चित्रफीत फोनच्या अंतर्गत स्मृतीत होती आणि कचरापेटीही रिकामी झाली, तर ती परत मिळणे जवळजवळ अशक्य असते. याला दोन कारणे आहेत. पहिले कारण फ्लॅश मेमरीच्या रचनेत आहे. या स्मृतीत जुने मिटवल्याशिवाय नवे लिहिता येत नाही. त्यामुळे कोणते भाग आता नको आहेत, हे फोन स्मृतीला कळवतो आणि ती सवडीने ते भाग खरोखर मिटवून टाकते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. आजच्या फोनांत माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद असते. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कुलूपबंद करण्याची पद्धत २०१६ मध्ये आली. २०१९ मधील अँड्रॉइड १० सह बाजारात येणाऱ्या नव्या फोनांना ती बंधनकारक करण्यात आली. आयफोनमध्येही प्रत्येक फाइलीची किल्ली वेगळी असते. फाइल पुसली की किल्लीचा मागही पुसला जातो. मग उरलेले तुकडे हाती लागले तरी ते वाचता येत नाहीत. चोरीला गेलेल्या फोनमधील खाजगी माहिती ज्या कुलपामुळे सुरक्षित राहते, तेच कुलूप येथे मालकाच्याही आड येते.

तरीही हमखास चित्रफीत परत मिळवून देतो, असा दावा करणारी ॲप आणि माणसे आढळतात. अशी बरीच ॲप फोनमध्ये उरलेली लघुचित्रे शोधून दाखवतात आणि मग पैसे मागतात. काही ॲप संपर्कयादी, संदेश अशा अनावश्यक गोष्टींची परवानगीही मागतात. दुःखात असलेला माणूस अशा वेळी सहज फसतो. कोणालाही आगाऊ पैसे देऊ नयेत आणि फोनवर आलेला ओटीपी सांगू नये. आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

दुसरी प्रत

सर्व वाटा खुंटल्यावर शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारावा: ही चित्रफीत कोणाला पाठवली होती का? नातसुनेने जागा करताना व्हॉट्सॲपमधील मोठ्या फाइलीही काढून टाकल्या होत्या, म्हणून तिने तिकडची आशा सोडली होती. रात्री नागपूरहून धाकट्या नणंदेचा फोन आला. झालेला प्रकार ऐकून ती म्हणाली, “वहिनी, त्याच दिवशी तुम्ही मला पाठवली होतीत की. थांबा, बघते.” नणंदेच्या फोनमध्ये ती चित्रफीत होती. पाठवताना तिचा आकार लहान झाल्यामुळे चित्र थोडे पुसट होते, पण आजींचा आवाज शब्दन् शब्द ऐकू येत होता.

महत्त्वाच्या चित्रफितीच्या किमान दोन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक फोनच्या बाहेर असावी. ती संगणकावर, पेन ड्राइव्हवर, इंटरनेटवरील साठ्यात किंवा नातलगाच्या घरी असू शकते. फोन हरवतो, पाण्यात पडतो, जुना होतो. त्यातील एकमेव प्रत त्याच्याबरोबर जाते. महिन्यातून एखादा दिवस ठरवून नव्या चित्रफिती दुसरीकडे उतरवून ठेवल्या, तर पुसलेले शोधत बसण्याची वेळ सहसा येत नाही.

जात्यावरच्या ओव्या फार काळ कागदावर नव्हत्याच. त्या आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे जात राहिल्या, म्हणून टिकल्या. नातसुनेने दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत घरच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. त्यानंतर ती ओव्या लिहून काढायला बसली. आजींना न आठवलेल्या एका शब्दाची जागा तिने कोरी सोडली आणि तो शब्द विचारण्यासाठी सासूबाईंना हाक मारली.