खाज्यांचा सिंधुदुर्ग

परदेशी गोष्टींच्या पुस्तकांत तुम्ही एक गंमतीदार घर नक्की पाहिलं असेल. भिंती खायच्या, छप्पर केकचं आणि खिडक्यांना साखरेच्या काचा! जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या हान्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतलं ते घर. पुढे तिकडे नाताळात आल्याच्या बिस्किटांची घरं करायची चाल चांगलीच रुजली. नॉर्वेमधल्या बर्गन या बंदरात तर १९९१ पासून शाळकरी मुलं आणि मोठी माणसं मिळून दर वर्षी अशा घरांचं अख्खं गाव उभं करतात.

त्या बिस्किटांत असतं काय? पीठ, आलं आणि काळसर गोड पाक. आता सांगा बघू, पीठ, आलं आणि गूळ हे तिन्ही आपल्याकडे कशात असतं? बरोब्बर! खाज्यात! आंगणेवाडीच्या किंवा कुणकेश्वरच्या जत्रेतून खाज्याची पुडी न घेता घरी आलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. मग आपण कशाला बर्फातलं घर बांधायचं? दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची मुलं मातीचे किल्ले करतात. आपण खाज्यांचा करू या. आणि किल्ला कुठला, हे मालवणच्या किनाऱ्यावरच्या मुलांना सांगायला हवं का?

खाजे घरी करायचे तर अर्धा किलो बेसन घ्या. त्यात मीठ, चिमूटभर हळद आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून घट्ट मळा. करंगळीएवढ्या जाड, बोटभर लांब कांड्या करून मंद आंचेवर तळा. मग गुळाच्या पाकात आल्याचा रस घालून त्यात त्या घोळवायच्या. तळणं आणि पाक ही दोन्ही कामं आई-बाबांची, बरं का! उकळता गूळ हाताला चिकटला की सुटत नाही, भाजतच राहतो. खाजे आदल्या दिवशी करून ठेवा. ओल्या खाज्यांची भिंत उभी राहत नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. आधी नकाशा! सिंधुदुर्ग चौकोनी नाही. कुरटे बेटाचा खडक जसा वळला तसा तट वळला. खऱ्या तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर आणि उंची साधारण तीस फूट. पाटावर मावेल असा किल्ला काढला तर तटाची लांबी भरेल सुमारे १२० सेंटिमीटर. मग त्याच प्रमाणात उंची किती हवी? गणित करा. अर्धा सेंटिमीटरसुद्धा येत नाही! म्हणजे एक खाजा आडवा ठेवला की तट झाला, उलट थोडा जास्तच उंच. केवढा लांब तट बांधला होता तो, हे मला तरी पाटावर मांडल्यावरच नीट कळलं. अर्थात असा बुटका किल्ला कुणाला आवडणार? आपण तीन थर देऊ. फक्त आपण प्रमाण मोडलंय, हे लक्षात असू द्या.

खाजे एकमेकांना चिकटवायला चिक्कीसारखा कडक पाक लागतो. थेंब गार पाण्यात टाकायचा आणि तो ताटलीत आपटायचा. टण् आवाज आला की पाक झाला. गरम असताना वाहतो, गार झाला की दगड! आता गंमत ऐका. सिंधुदुर्गाचा पाया घालताना दगडांच्या सांध्यांत शिशाचा रस ओतला, असं सांगतात. चुन्याला घट्ट व्हायला वेळ लागतो, तोवर लाट येऊन तो धुऊन नेणार. शिसं गार झालं की काम झालं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याजवळ पूजा होऊन काम सुरू झालं आणि १६६७ साली किल्ला पुरा झाला. हिरोजी इंदुलकरांनी भर समुद्रात हे काम तडीला नेलं. आपल्याला एक दुपार पुरते.

बुरुजांसाठी मधे कडक बुंदीचा लाडू ठेवा आणि भोवती उभे खाजे लावा. खरे बुरुज चाळीसच्या वर आहेत. पाटावर दहा-बारा पुरे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरींसाठी छोट्या चकल्या. चारही बाजूंना खारं पाणी आणि आत गोडं! ते नसतं तर एवढी शिबंदी तिथे राहिली असती का? मधोमध शिवराजेश्वराचं देऊळ, त्याला चौकोनी बर्फी छान दिसते. ते राजाराम महाराजांनी बांधलं. पुळण हवी असेल तर भाजलेला रवा पसरा. जे खाता येत नाही ते किल्ल्यात घालायचं नाही, एवढा एकच नियम.

आता महादरवाजा. इथे आमच्या शाळेत चौथीच्या मुलांचं कडाक्याचं भांडण झालं. एका गटाचं म्हणणं, दरवाजा समोर, मोठा, सजवलेला हवा, नाहीतर पाहणाऱ्याला दिसणार कसा? एक मुलगी हळूच म्हणाली, "पण बाई, तो दिसताच नये ना!" शेवटी सगळी वरात मालवणच्या धक्क्यावर गेली. दरवाजा त्याच बाजूला आहे, पण डोळे ताणून बघितलं तरी कुणालाच सापडेना. दोन बुरुज असे वळवून घेतलेत की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय वाट कुठे आहे ते कळत नाही. तोफा रोखायच्या कुठे, हेच शत्रूला समजू नये! तेव्हा तुमच्या किल्ल्यातही दोन बुरुज एकमेकांना कवेत घेतल्यासारखे ठेवा आणि दरवाजा त्यांच्या आड दडवा. पाहुण्यांना तो शोधायला लावा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत सिंधुदुर्ग आहे आणि आपल्याच जिल्ह्यातला विजयदुर्गही. आता पाहुणे वाढतील. त्यांना दरवाज्याची युक्ती तुम्हीच सांगायची.

राहता राहिला शत्रू. गुळाच्या किल्ल्याचा खरा शत्रू म्हणजे मुंग्या! रात्रीतून फौज चढते. उपाय महाराजांचाच. मोठ्या परातीत डबा उपडा घाला, त्यावर पाट ठेवा आणि परातीत पाणी भरा. झाला समुद्र! पाट परातीच्या काठाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर मुंग्यांना पूल मिळेल.

दुसरा शत्रू मात्र आपल्या हवेतच आहे. समुद्राकाठची दमट हवा गूळ शोषून घेतो आणि खाजे सादळतात. तेव्हा किल्ला फार दिवस मिरवू नका. पालकहो, "एवढं खायचं नासवता?" असं म्हणण्याआधी जरा थांबा, यातलं काहीच वाया जात नाही. चावदिसाला पहाटे कारीट फोडून झालं, फोवांच्या बश्या रिकाम्या झाल्या की शेजारच्या मुलांना बोलवा, किल्ला दाखवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटून खाऊन टाका. उरलेले खाजे घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पहिला बुरुज कुणी फोडायचा, यावरून भांडण होणारच. आमच्याकडे तो मान दरवाजा शोधणाऱ्याला देतात.