ए.सी. गार्ड्स, हबशीगुडा, सिद्दी अंबर बाजार : हैदराबादच्या आफ्रिकी माणसांची नावं आणि आवाज

लकडी का पूलकडून मासब टँककडे निघालं की ए.सी. गार्ड्स नावाची वस्ती लागते. आपल्यापैकी बहुतेकजण तिथून शेकडो वेळा गेलेले असतील. यातला 'ए.सी.' म्हणजे काय, असं विचारलं की कुणी 'असिस्टंट कमिशनर' म्हणतं, कुणी हसून वातानुकूलित यंत्राकडे बोट दाखवतं. खरं उत्तर 'आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स' असं आहे. निजामाच्या फौजेत आफ्रिकी वंशाच्या घोडेस्वारांचं एक पथक होतं. त्या स्वारांची आणि त्यांच्या कुटुंबांची ही वस्ती. पथक गेलं आणि इंग्रजी नावाची दोन आद्याक्षरं तेवढी बसथांब्यावर आणि दुकानांच्या पाट्यांवर उरली.

असं हे एकच नाव नाही. उस्मानगंजजवळ सिद्दी अंबर बाजार आहे. तार्नाक्याच्या पुढे हबशीगुडा आहे, त्या नावाचा संबंधही हबशांशी जोडतात. गोवळकोंडा किल्ल्यात 'हबशी कमान' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कमानी आहेत. म्हणजे कुतुबशाहीपासून आसफजाहीपर्यंत या शहराच्या नकाशावर आफ्रिका जागोजागी सांडलेली आहे. आणि तरी हैदराबादचा इतिहास सांगताना आपण इराणी, तुर्क, अरब, पठाण, कायस्थ, मराठे, तेलुगू देशमुख अशी यादी करतो, त्यात हबशी सहसा नसतो. असला तर पहारेकरी, नाही तर वाजंत्री. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे की या माणसांच्या खुणा भरपूर आहेत, त्यांचा आवाज मात्र आपण कधी नोंदवला नाही. आणि तो नोंदवायची वेळ आता संपत आली आहे.

आधी शब्द समजून घेऊ

'हबश' हे अरबी-फारसीत अॅबिसिनियाचं, म्हणजे साधारण आजच्या इथियोपियाचं नाव. तिथला तो हबशी. पुढे दख्खनमध्ये पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कुणालाही हबशी म्हणू लागले. 'सिद्दी' हा शब्द 'सय्यिदी' म्हणजे 'माझे स्वामी' यावरून आला असं मानतात. म्हणजे मुळात एक शब्द देशवाचक आणि दुसरा आदरार्थी. मराठीत आपण त्यांचं काय केलं? 'हबशी' किंवा 'हपशी' ही काळ्या रंगावरून द्यायची शिवी झाली, आणि 'सिद्दी' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो नाटक-सिनेमातला क्रूर, डोळे वटारणारा शत्रू.

पन्हाळ्याच्या वेढ्याची गोष्ट आपल्याला पाठ असते. वेढा घालणारा सिद्दी जौहर, कर्नूलचा सुभेदार, सगळ्यांना माहीत. पण 1660 च्या त्याच वेढ्यात तो फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर शिवाजी महाराजांच्या बाजूने लढायला गेलेल्यांत सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह हेही होते. मुलगा त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. वेढ्याच्या दोन्ही बाजूंना सिद्दी होते. आपल्या आठवणीत एकाच बाजूचा राहिला. इतिहासात नोंद असूनही लोकप्रिय कथेत माणूस कसा गळतो, त्याचं हे साधं उदाहरण.

माणसाला चिकटवलेलं लेबल

मी इंजिनिअर. उमेदीची वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, इतिहास त्यानंतर आपला आपण शिकलो. त्यामुळे सवय अशी की कुठलीही यादी दिसली की त्यात काही नमुना आहे का ते आधी बघायचं. दख्खनच्या इतिहासातल्या हबशांची नावं एकाखाली एक लिहून बघा. अंबर म्हणजे देवमाशापासून मिळणारं सुगंधी द्रव्य. याकूत म्हणजे माणिक. जौहर म्हणजे रत्न. संदल म्हणजे चंदन. मरजान म्हणजे पोवळं. अल्मास म्हणजे हिरा. रेहान म्हणजे सब्जाच्या जातीचं सुवासिक रोप.

ही सगळी व्यापारातल्या किमती मालाची नावं आहेत. आईबापांनी ठेवलेली नव्हेत, विकत घेणाऱ्याने ठेवलेली. बंदरात उतरलेल्या पेटीवर लेबल लावावं तशी. ऐकायला गोड आहेत, पण त्या गोडव्याखाली एका मुलाचं मूळ नाव पुसलेलं आहे.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण आपल्या मंडळातले उत्साही लोक लगेच यादी करायला बसतील! असं नाव दिसलं म्हणजे माणूस आफ्रिकीच, असं नाही. मलिक काफूरच्या नावात कापूर आहे, पण तो खंबायतला पकडला गेलेला, इथलाच माणूस. नाव गुलामगिरीकडे बोट दाखवतं. मुलूख कुठला, ते दुसऱ्या पुराव्यावरून ठरवावं लागतं.

मलिक अंबर : चित्रातला आणि कागदातला

या सगळ्यांत एकाचंच मूळ नाव आपल्यापर्यंत पोचलं आहे असं म्हटलं तरी चालेल. मलिक अंबरचं बालपणीचं नाव चापू असल्याचं इतिहासकार रिचर्ड ईटन सांगतात. साधारण 1548 च्या सुमारास इथियोपियात जन्म, लहानपणीच विक्री, हातोहात बगदादला. तिथल्या मालकाने शिकवलं आणि 'अंबर' हे नाव दिलं. मग दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतलं, आणि हा चंगीझखान स्वतःही हबशीच होता. चंगीझखान वारल्यावर अंबर मुक्त झाला. पुढे निजामशाहीचा सगळा कारभार त्याच्या हाती आला. मालोजी आणि शहाजीराजे ज्या निजामशाहीत वाढले ती याच काळातली. 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्रित पराभव केला. शहाजीराजे तिथे होते, त्यांचे भाऊ शरीफजी त्याच लढाईत पडले.

आता याचं चित्रण बघा. मोगल चित्रकार अबुल हसनने साधारण 1616 च्या सुमारास काढलेलं एक चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून बाण सोडतो आहे, आणि समोर भाल्यावर टोचलेलं मलिक अंबरचं मुंडकं. शेजारी अशुभाचं घुबड. प्रत्यक्षात मोगलांना अंबर कधीच हाती लागला नाही. तो 1626 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, आपल्या मृत्यूने गेला. त्याची कबर खुलताबादला आहे. म्हणजे रणांगणावर जे जमलं नाही ते बादशहाने कागदावर करून घेतलं. आत्मचरित्रातही जहांगीर त्याचा उल्लेख काळ्या तोंडावरून हिणवत करतो. गंमत अशी की अंबर मेल्यावर जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमदखानाने आपल्या इतिहासात त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळेपणाने तारीफ केली आहे.

मराठी कागदांत दिसणारा अंबर निराळा आहे. जमिनीची पाहणी करून, तिचा कस बघून सारा ठरवायची त्याची पद्धत 'मलिकंबरी' या नावाने ओळखली गेली. शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारात ज्याचं नाव शिरलं, त्याची त्वचा कुठल्या रंगाची हे त्या कागदाला विचारावंसं वाटलं नाही. त्याने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर-ए-अंबरी हे माझ्या आवडीचं काम. उत्तरेच्या डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नाल्यांतून, निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणलेलं, आणि तपासणीसाठी, हवा खेळण्यासाठी ठरावीक अंतरावर उघडी तोंडं. पंप नाही, वीज नाही. लेव्हल चुकली तर सगळं फसलं असतं. असं काम करवून घेणाऱ्या माणसाला फक्त 'शूर हबशी गुलाम' म्हणून संपवणं हाही अन्यायच आहे.

रंग फासून काम भागतं

जहांगीरच्या चित्राला चारशे वर्षं झाली, म्हणून ती सवय गेली असं समजू नका. 1983 साली कमाल अमरोहींचा 'रझिया सुलतान' आला. दिल्लीची सुलताना रझिया आणि तिच्या तबेल्याचा हबशी अधिकारी याकूत. नाव बघा, पुन्हा माणिक! ही भूमिका धर्मेंद्रने चेहऱ्याला काळा रंग लावून केली. धर्मेंद्रवर माझा राग नाही, त्या काळी कुणाला ते खटकलंही नसेल. पण त्याच वेळी ए.सी. गार्ड्समध्ये, गुजरातेत, उत्तर कन्नडच्या जंगलात आफ्रिकी वंशाची भारतीय माणसं राहत होती. त्यांची गोष्ट सांगताना त्यांची गरज पडली नाही. रंगाची डबी पुरली.

उत्तर कन्नडच्या सिद्दींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. यल्लापूर, हल्याळकडचे सिद्दी कोकणीला जवळची, मराठी आणि कन्नड शब्द मिसळलेली बोली बोलतात. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. म्हणजे 'सिद्दी' हा एक धर्म नव्हे, एक भाषा नव्हे. 2003 मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 2020 मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, तिथवर पोचलेले त्या समाजातले ते पहिले.

हैदराबादचा रिसाला

आपल्याकडचे सिद्दी निरनिराळ्या वाटांनी आले. काही अरब जमादारांबरोबर. काही वनपर्ती संस्थानातून. वनपर्तीचे राजा रामेश्वरराव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आफ्रिकी स्वारांचं पथक बाळगलं होतं, ते पुढे निजामाच्या फौजेत आलं. निजामाच्या मिरवणुकीत, पहाऱ्यावर हे स्वार असत. सप्टेंबर 1948 मध्ये पोलिस अॅक्शन झालं, संस्थान विलीन झालं आणि पुढे रिसालाही मोडला. रजाकार, मुक्तिसंग्राम, विलीनीकरण यांवर आपण शेल्फच्या शेल्फ भरून लिहिलं. घोडा, वर्दी आणि तनखा एकदम गेलेल्या या स्वारांच्या घरात पुढच्या महिन्यात चूल कशी पेटली, हा प्रश्न त्या पुस्तकांत शोधून बघा. इथियोपियाचे अभ्यासक अबाबू मिंदा यिमेने यांनी हैदराबादच्या सिद्दींवर 2004 मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. इतक्या लांबून एक माणूस आला आणि आपल्या मासब टँकच्या शेजाऱ्यांविषयी लिहून गेला, एवढं नोंदवतो.

सरकारदरबारी मात्र त्यांची नोंद आहे. 2007 च्या मागासवर्गीय 'ई' गटाच्या यादीत 'सिद्दी, याबा, हबशी, जसी' अशी एक ओळ आहे. चार शब्द.

त्यांचा जो आवाज शहराने उचलला तो मरफ्याचा. हद्रमौतचे अरब, म्हणजे आपण ज्यांना चाऊस म्हणतो ते, आणि सिद्दी या दोघांच्या हातून हे वादन हैदराबादेत रुजलं. आज लग्नाची वरात कुणाचीही असो, मरफा वाजतो, आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या तीनमारवर नाचणाऱ्या पोरांच्या पायांतही त्याचीच लय आहे असं जाणकार सांगतात. नांदेड, परभणीकडच्या वाचकांनाही हा ठेका ओळखीचा असेल. वाजवणाऱ्याचा ठेका आपण घेतला, त्याचं नाव विचारलं नाही.

आता काय करायचं

तार्नाक्याला राज्य पुराभिलेखागार आहे, हबशीगुड्याच्या अगदी शेजारी. तिथे मोगल काळातले 'अर्ज-ओ-चेहरा' कागद आहेत. सैनिकाच्या जागी दुसराच माणूस उभा करू नये म्हणून त्याचं कपाळ, भुवया, नाक, अंगावरचे व्रण बारकाईने लिहून ठेवत. माणसाचं शरीर कसं नोंदलं जात होतं ते बघायला हे कागद जरूर वाचावेत. पण तो माणूस काय म्हणत होता, ते चेहऱ्याच्या नोंदीत येत नाही. ते घरी जाऊनच ऐकावं लागेल.

हिशेब सोपा आहे. 1948 ला जो स्वार वीस वर्षांचा होता तो आज असता तर नव्वदी कधीच ओलांडली असती. त्याच्या तोंडून ऐकलेली मुलं आता साठी-सत्तरीत आहेत. ती साखळीची शेवटची कडी. म्हणून ज्यांना मुलाखती घ्यायच्या आहेत त्यांच्यासाठी माझे चार मुद्दे :

पहिला, 'तुम्ही आफ्रिकेतून कधी आलात?' या प्रश्नाने सुरुवात करू नका. ते हैदराबादी आहेत, तुमच्या-माझ्याइतकेच, कदाचित जास्तच. वडील काय काम करत, घर कुठे होतं, रिसाला मोडल्यावर पुढे काय झालं, हे विचारा.

दुसरा, बायकांशी बोला. लग्नातली गाणी, स्वयंपाकातले शब्द, घरातली टोपणनावं त्यांच्यापाशी असतात, आणि जुने परके शब्द तिथेच टिकतात.

तिसरा, आजोबा-पणजोबांची नावं जशी उच्चारतात तशी लिहून घ्या. सुधारून लिहू नका.

चौथा, परवानगी घ्या आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या घरी द्या. ती गोष्ट त्यांची आहे.

मंडळाकडे रेकॉर्डर आहे, टंकलेखनाची सोय आहे. उर्दू चांगली समजणारी दोन-तीन माणसं आणि रविवारची सकाळ मोकळी असलेले सभासद हवे आहेत. पुढच्या मासिक बैठकीत मी ए.सी. गार्ड्सचा एक हाताने काढलेला नकाशा घेऊन येतो. गल्ल्या वाटून घेऊ.