वेदनेची साक्ष कोणाची?

आमच्या वस्तीत एक मावशी आहेत. शहर सफाईच्या कामावर कंत्राटदाराच्या हाताखाली त्यांनी बावीस वर्षे झाडू मारला. आता उजवा खांदा वर जात नाही आणि कमरेतून उठलेली कळ पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. एका सरकारी दवाखान्यात आम्ही त्यांना घेऊन गेलो, तेव्हा तेथील तरुण डॉक्टरने केसपेपरवरून मान वर न करता विचारले, "मावशी, तुम्हाला तर कष्टाची सवय आहे, एवढं काय दुखतं?" आणि दोन रंगांच्या गोळ्या लिहून दिल्या. मावशी काही बोलल्या नाहीत. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही, याची बोचणी अजून आहे.

सवय! हा एक शब्द आमच्या पिढ्यान् पिढ्यांना पुरला. घाण उपसण्याची सवय, उन्हात राबण्याची सवय, उपाशी निजण्याची सवय. ज्याला सवय आहे त्याला दुखत नाही, असे एकदा ठरवून टाकले की राबवून घेणारा मोकळा झाला. परंतु वेदना कोणाला होते, किती होते, हे ठरवायचे कोणी? ज्याला दुखते त्याने, की खुर्चीत बसलेल्याने? या प्रश्नावर ज्याने आयुष्य वेचले त्या एका डॉक्टराची ओळख आमच्या वाचकांना असावी असे वाटते. त्याचे नाव जॉन बोनिका. वैद्यकशास्त्रात 'वेदनाचिकित्सा' ही स्वतंत्र शाखा उभी राहिली, तिचा हा जनक.

बोनिका कोणा सरदार-सावकाराचा मुलगा नव्हता. सिसिलीजवळच्या फिलिकुडी नावाच्या चिमुकल्या बेटावर १९१७ साली त्याचा जन्म झाला. वयाच्या दहाव्या वर्षी आईबापांबरोबर तो अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आला. त्या काळी इटलीहून आलेल्या गरिबांना अमेरिकेत फारसा मान नव्हता. काही वर्षांतच वडील वारले आणि घराचा भार या पोरावर आला. त्याने लोकांचे बूट पुसले, वर्तमानपत्रे विकली, फळे विकली. डॉक्टर व्हायचे हे डोक्यात पक्के होते, पण फी कोठून आणायची? शाळेत कुस्ती शिकला होता. तीच कामाला आली. दिवसा वर्ग, रात्री आखाडा. जत्रांतून, सर्कशीतून, कधी चेहऱ्यावर मुखवटा चढवून 'मास्क्ड मार्व्हल' या नावाने तो लढला आणि त्या पैशावर १९४२ साली मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडला. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर आला नाही म्हणून रात्रपाळीची नोकरी धरून शिकलेली आमची मुले ही गोष्ट वाचून हसणार नाहीत, ओळखतील.

कुस्तीने त्याला पदवी दिली, पण शरीराचे मोलही वसूल केले. कान चेपले, फासळ्या मोडल्या, पुढे खांदे आणि खुबे कामातून गेले. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, तरी दुखणे आयुष्यभर सोबत राहिले. म्हणजे वेदनेवर बोलणारा हा माणूस स्वतः वेदनेतच जगत होता. आमच्या मते त्याच्या कामाचे मर्म येथे आहे.

दुसरा धक्का घरातच बसला. पहिल्या बाळंतपणात त्याच्या पत्नीला, एमाला, एका शिकाऊ डॉक्टरने ईथर दिले. तिला उलटी झाली, श्वास कोंडला, अंग निळे पडू लागले. बोनिकाने धावत जाऊन तिचा श्वासमार्ग मोकळा केला म्हणून मायलेकी वाचल्या. बाळंतिणीला बेशुद्ध न करता, कण्याजवळ सुई टोचून फक्त कमरेखालच्या वेदना थांबवण्याच्या पद्धतीवर त्याने नंतर जे अपार काम केले, त्याची सुरुवात त्या रात्री झाली.

१९४४ साली तो सैन्यात गेला. वॉशिंग्टन राज्यातील मॅडिगन लष्करी रुग्णालयात भूल विभागाचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली. युद्धावरून येणारे जखमी हजारोंनी होते. कोणाचा पाय कापलेला, तरी तो नसलेला पायच दुखतो आहे. कोणाची जखम भरून आली, तरी फुंकर घातली की आग होते. वरिष्ठ म्हणत, जखम भरली, आता दुखायचे कारण नाही, हा सोंग करतो आहे. बोनिकाने ग्रंथ उघडून पाहिले. हजारो पानांत वेदनेवर मोजकीच पाने निघाली. जे घेऊन रुग्ण डॉक्टरच्या दारात येतो, त्याच गोष्टीवर शास्त्र मुके! मग त्याने एक साधी गोष्ट केली. मेंदूचा शल्यविशारद, हाडांचा डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ यांना दुपारच्या जेवणाच्या वेळी एकत्र बसवले आणि एकेका रुग्णावर सगळ्यांनी मिळून बोलायला सुरुवात केली. पुढे १९६० साली तो सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भूलशास्त्राचा विभागप्रमुख झाला, तेव्हा याच पद्धतीवर वेदना चिकित्सालय उभे राहिले. त्यात परिचारिकेलाही डॉक्टरांच्या बरोबरीने बसवले होते, हे मुद्दाम सांगतो. रुग्णाचे रात्रीचे कण्हणे डॉक्टरपेक्षा तिने जास्त ऐकलेले असते.

१९५३ साली त्याने वेदनेच्या उपचारावर दीड हजार पानांच्या घरातला ग्रंथ लिहिला. १९७३ साली त्याच्या पुढाकाराने देशोदेशीचे संशोधक एकत्र आले आणि वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० साली ती सुधारली. सुधारलेल्या व्याख्येसोबतच्या टिपणीत असे म्हटले आहे की, एखादी व्यक्ती आपल्याला वेदना होते असे सांगते, तेव्हा त्या सांगण्याचा आदर झाला पाहिजे. आमच्या मावशींच्या केसपेपरवर हे वाक्य शिक्का मारून छापावे असे आम्हाला वाटते. बोनिका मात्र ते वाचायला नव्हता. १९९४ सालीच तो गेला.

पण ज्या अमेरिकेत हे शास्त्र वाढले, त्या अमेरिकेनेही सगळ्यांच्या वेदनेला एकाच मापाने मोजले नाही. स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे पुतळे उभारले गेले, त्या मॅरियन सिम्सने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात गुलाम काळ्या स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. अनार्का नावाच्या मुलीवर सुमारे तीस वेळा. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तरी या बायकांच्या वाट्याला ईथर आले नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हलवायला २०१८ साल उजाडावे लागले. आणि हे सगळे जुने झाले म्हणावे, तर २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील अभ्यासात आढळले की, गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी जवळपास निम्म्यांच्या मनात काळ्यांच्या शरीराविषयी एक तरी खोटी समजूत होती. त्यांची कातडी जाड असते, ही त्यातलीच एक. ज्यांच्या मनात अशा समजुती होत्या, ते काळ्या रुग्णाची वेदना कमी मोजत होते. 'सवय आहे' म्हणणारा आमचा डॉक्टर आणि 'कातडी जाड आहे' म्हणणारा तो विद्यार्थी एकाच शाळेत शिकलेले दिसतात. १९७२ साली ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेणाऱ्या आमच्या तरुणांना हे नाते तेव्हाच कळले होते.

आपल्या राज्याकडे वळू. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचा आकडा २०१९ साली विधिमंडळात आला. त्यात ऊसतोडणी करणाऱ्या बायकांचा प्रश्न ऐरणीवर आला. ओटीपोटात दुखते म्हणून बाई गेली. मोळी उचलून दुखते का, पाणी व शौचालय नसल्याने संसर्ग झाला का, हे विचारण्याऐवजी पिशवीच काढा असे सांगितले गेले. मुकादमाची उचल घेतलेली, एक खाडा झाला तर दंड. तिनेही मान डोलावली. वेदना ऐकायला कोणी बसत नाही तेव्हा ती कापून टाकली जाते.

दुसरा विरोधाभास अफूचा. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारच्या परवान्याने अफू पिकते. तिच्यातून निघणारे मॉर्फिन कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत मोठा दिलासा देते. परंतु १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी जाळी विणली की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि देशातले लाखो रुग्ण तळमळत मेले. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली कोळिकोडला वेदनाशमनाचे काम सुरू केले, स्वयंसेवकांच्या मदतीने ते घराघरांत नेले आणि कायद्याशी वर्षानुवर्षे झगडा दिला. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिनसारख्या औषधांचे नियम देशभर एक झाले. अमेरिकेत औषध कंपन्यांनी नफ्यासाठी अशाच गोळ्या वाटून व्यसनाची साथ पसरवली, हे आम्ही विसरत नाही. पण तिकडच्या अतिरेकाचा दाखला देऊन इकडच्या गरिबाला कण्हत ठेवणे हा न्याय कोणता?

वेदनेचा विषय आमच्या चळवळीला परका नाही. तथागतांनी दुःख आहे हे आधी मान्य केले, मग त्याचे कारण शोधले. आणि बाबासाहेब? मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून राज्यघटनेचे काम खांद्यावर असताना, मधुमेह आणि मज्जातंतूंच्या दाहाने त्यांचे पाय असे ठणकत की रात्रीची झोप उडे. त्याच उपचारासाठी मुंबईत डॉ. मालवणकरांकडे जाणे होई. तेथील डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. माईंविषयी चळवळीत दोन मते आहेत, त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आम्हाला एवढेच दिसते की, आमच्या हक्कांची कलमे लिहून होत होती, तेव्हा लिहिणाऱ्याचे पाय दुखत होते. ते दुखणे त्यांना कोणी 'सवय' म्हणून सांगितले असते तर?

मावशींना आम्ही नंतर दुसऱ्या एका रुग्णालयात नेले. तेथे वेदनेची स्वतंत्र ओपीडी होती. डॉक्टरीणबाईंनी आधी बसायला स्टूल दिले, झाडू कोणत्या हाताने मारत होता, कचऱ्याची पाटी कोणत्या खांद्यावर घेत होता, रात्री कोणत्या कुशीवर झोपता, हे सगळे विचारले. मग माणसाच्या शरीराचे चित्र छापलेला कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, जिथं दुखतं तिथं पेनानं रंगवा." मावशींना अक्षर येत नाही. पेन हातात धरून त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग खांदा रंगवला, कंबर रंगवली, पाय रंगवला, आणि विचारले, "बाई, मागची बाजू पण आहे का?"

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटून दिला.