खिलार, पंढरपुरी आणि जनुकीय चिप

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. या सगळ्या पट्ट्यात जनावराची पारख नजरेने होते. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत किंवा कार्तिकीला वाखरीत भरणाऱ्या बाजारात खिलार खोंडाची शिंगे, खूर आणि चाल पाहून सौदे ठरतात. ही नजर पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली आहे. पण वळूच्या लेकी किती दूध देतील, ते तिलाही दिसत नाही. त्या वाढून विईपर्यंत, त्यांचे दूध मोजेपर्यंत पाच-सहा वर्षे निघून जातात.

ही वर्षे जैवचिप वाचवू शकते. काचेच्या किंवा सिलिकॉनच्या लहानशा पट्टीवर डीएनएचे हजारो आखूड तुकडे ठरावीक जागी बसवलेले असतात. जनावराच्या रक्तातून किंवा केसांच्या मुळांतून काढलेला डीएनए त्यावर सोडला, की जुळणारे तुकडे एकमेकांना धरतात. रंगद्रव्याच्या चमकेवरून कोणत्या जागी कोणते जनुकीय अक्षर आहे, ते स्कॅनर टिपतो. १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या पॅट्रिक ब्राऊन यांच्या गटाने मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्याची ४५ जनुके अशा पट्टीवर एकदम तपासली. २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी अशा अक्षरांच्या जनुकीय खुणांवरून पैदासमूल्य, म्हणजे संततीत उतरणाऱ्या गुणांचा अंदाज, काढण्याचे गणित मांडले. २००९ पासून अमेरिकेत होल्स्टीन गुरांचे अधिकृत मूल्यमापन या मार्गाने होऊ लागले.

तिकडच्या चिपवरील खुणा मुख्यतः युरोपीय जातींतून निवडलेल्या. आपल्या वशिंडाच्या गायींमधले बरेच वैविध्य त्यांतून निसटते. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये ११,४९६ खुणांची ‘इंडिगौ’ ही चिप आणली. पुढे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे गायींसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झाले. वंशावळ, जातीची शुद्धता आणि जवळच्या नात्यातले प्रजननही अशा चिपवरून कळते.

पण चिप दूध मोजत नाही. कोणत्या खुणेचा कोणत्या गुणाशी संबंध आहे, हे हजारो जनावरांच्या प्रत्यक्ष नोंदींवरूनच ठरते. खिलार ही कामाची जात. तिला फक्त दुधाच्या मापाने जोखले, तर ओढ, वेग आणि उन्हातला टिकाव निवडीतून गळतील. तलवारीसारख्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशीचे वेत आणि दूध अनेक गोठ्यांत आजही मालकाच्या आठवणीतच असते.

म्हणून कानातल्या बारा अंकी बिल्ल्यासोबत रेतनाची तारीख, वळूचा क्रमांक, वेत, दूध आणि आजार यांची नोंद गावोगाव व्हायला हवी, आणि ती ठेवणाऱ्या पशुपालकाला तिचा मोबदलाही मिळायला हवा. प्रयोगशाळेवर होणाऱ्या खर्चाचा एक वाटा अशा गोठ्यांपर्यंत पोचला, तरच या चिपला खिलार आणि पंढरपुरीची खरी ओळख पटेल.